चार ट्रॅकांवरचा गोवा : रेमो फर्नांडिस यांच्या अल्बमांविषयी

१

मराठी सुगम संगीताचा इतिहास ज्या ग्रंथांतून आणि लेखमालांतून आपण वाचत आलो, त्यांत एक श्रमविभागणी गृहीत धरलेली असते. कवीने शब्द लिहावेत, संगीतकाराने चाल लावावी, गायकाने गावे आणि कंपनीने तबकडी काढावी. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेले 'गीतरामायण' हे या व्यवस्थेचे शिखर मानता येईल. छप्पन्न गीते, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि कंठ अनेक गायक-गायिकांचे. या विभागणीने आपल्याला उत्तम भावगीत दिले, यात वाद नाही. मात्र तिच्यामुळे आपल्या कानांना एक सवयही लागली. गाण्यातला 'मी' हा कोणाचा, असा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. तो कवीचा असतो म्हणावे तर गळा दुसऱ्याचा असतो. गायकाचा म्हणावे तर शब्द त्याचे नसतात.

या सवयीमुळे स्वतः लिहिणारा, स्वतः चाल बांधणारा आणि स्वतःच गाणारा कलावंत समोर आला की आपले समीक्षक गोंधळतात. त्याचे शब्द कवितेच्या तराजूत हलके ठरतात, गळा गायकीच्या कसोटीवर बेताचा ठरतो, आणि चाल 'मिश्र' म्हणून निकालात निघते. वस्तुतः हा प्रकार महाराष्ट्राला परका नाही. रामजोशी ते अमरशेख, अण्णाभाऊ साठे या परंपरेत शाहीर स्वतःची रचना स्वतःच्या आवाजात लोकांपुढे मांडत आला. बाहेरच्या जगात ज्याला गीतकार-गायक म्हणतात, त्याला आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द 'शाहीर' हाच आहे, असे आम्हांस वाटते. हा शब्द हाताशी ठेवून आज आम्ही गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांच्या अल्बमांकडे, विशेषतः १९८४ ते १९९२ या काळातल्या अल्बमांकडे, पाहू इच्छितो.

पनवेलला राहणाऱ्या मंडळींनी हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. गोव्याचा रस्ता आमच्या गावाहून सुटतो. आज ज्याला ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग म्हणतात आणि २०१० सालच्या फेरक्रमांकनापूर्वी जो १७ क्रमांकाचा होता, त्याचा आरंभ पनवेलचा. पळस्प्याचा फाटा ओलांडला की चाकरमानी मनाने कोकणात पोचलेला असतो. परंतु रस्ता जोडलेला असला म्हणजे कानही जोडलेले असतात असे नाही. गोव्याहून मराठी रंगभूमीला आणि शास्त्रीय संगीताला मिळालेली माणसे आपण अभिमानाने मोजतो : दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, जितेंद्र अभिषेकी. त्याच मातीतले दुसरे संगीत, चर्चच्या पेटीवर आणि व्हायोलिनवर वाढलेले, आपल्या हिशेबात कधी धरलेच गेले नाही.

२

रेमो यांच्या संगीताविषयी लिहिताना 'संमिश्र' हा शब्द फार लवकर वापरला जातो, आणि तो त्यांचा व्यक्तिगत गुण असल्यासारखा वापरला जातो. हे निम्मेच खरे आहे. मिश्रण ही गोव्याच्या संगीताची मूळची स्थिती आहे. १५१० ते १९६१ अशी साडेचारशे वर्षे पोर्तुगीज अंमल राहिलेल्या या प्रदेशात प्रत्येक गावच्या चर्चशी जोडलेल्या शाळेत मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. हेतू धर्माचा होता, चर्चमधल्या वृंदगानासाठी आवाज तयार करण्याचा. परिणाम मात्र फार दूरवर पोचला. एकोणिसाव्या शतकात सासष्टीच्या सुखवस्तू घरांतून 'मांडो' आकाराला आला. त्याची हार्मनी युरोपची, भाषा कोंकणी, विरहाचा सूर आपल्या ओळखीचा, आणि ताल धरायला घोरपडीच्या कातड्याचे घुमट. त्याच्याच जोडीने दुलपद आणि देखणी हे प्रकार आले. कार्लुश एवजेनियु फेरैर यांची 'हांव सायबा पलतडीं वेतां' ही देखणी तर १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटाद्वारे सबंध भारताच्या ओठी गेली; ती कुठून आली हे बहुतेकांना ठाऊक नव्हते, एवढेच.

हीच स्वरलेखन वाचणारी मुले पोटासाठी मुंबईला आली. हॉटेलांतले जॅझ वाद्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे ध्वनिमुद्रण या दोन्ही ठिकाणी त्यांनी जम बसवला. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही नावे आता कुठे लोकांना माहीत होऊ लागली आहेत. संगीतकार धून गुणगुणून दाखवी. तिचे वाद्यवृंदासाठी लेखन आणि संयोजन ही मंडळी करीत. श्रेयनामावलीत बहुधा 'साहाय्यक' एवढाच उल्लेख येई, आणि कधीकधी तोही येत नसे. साठ-सत्तरच्या दशकांत क्रिस पेरी आणि लॉर्ना यांनी कोंकणी गाण्याला जॅझचा पेहराव चढवला, आणि गोमंतकीय श्रोत्यांसाठी तो एक स्वतंत्र कालखंडच ठरला.

म्हणजे १९५३ साली जन्मलेल्या रेमो यांच्यापुढे दोन वाटा तयार होत्या. एक, मुंबईच्या स्टुडिओत दुसऱ्याच्या धुनेला देह देण्याची. दुसरी, हॉटेलात वा महाविद्यालयीन महोत्सवात इंग्रज-अमेरिकन बँडांची गाणी हुबेहूब वाजवून दाखवण्याची. वास्तुशास्त्राच्या शिक्षणासाठी ते मुंबईत होते, तेव्हा त्यांनी दुसरी वाट चालूनही पाहिली. 'सॅव्हेजेस' या त्या काळच्या नावाजलेल्या बँडमध्ये ते वाजवीत. पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती झाली. तिथून ते परतले ते मुंबईला नव्हे, तर शिवोलीला, आपल्या वाडवडिलांच्या गावी. आमच्या मते त्यांच्या संगीतातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. गोमंतकीय वादक पिढ्यान्‌पिढ्या गावाकडून मुंबईकडे जात होता. हा गृहस्थ उलट दिशेने गेला.

३

गावी राहून अल्बम काढायचा तर स्टुडिओ हवा, वादक हवेत, कंपनी हवी. तिन्ही गोष्टी मुंबईत. येथे तंत्रज्ञानाच्या एका छोट्या घटनेने मदत केली. १९७९ साली 'टॅस्कम' या जपानी कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र बाजारात आणले. साध्या कॅसेटच्या फितीवर चार स्वतंत्र ट्रॅक मुद्रित करणारे, टेबलावर मावणारे हे यंत्र. एका ट्रॅकवर गिटार वाजवावी, ती ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर ताल. मग या तिघांचे मिश्रण चौथ्यावर उतरवून पहिले तीन पुन्हा मोकळे करावेत, आणि त्यांवर आवाज, बासरी, दुसरा आवाज असे थर चढवावेत. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर थोडी वाढते, आणि एकदा एकत्र केलेले थर पुन्हा सुटे करता येत नाहीत. म्हणून पहिल्या थराच्या वेळीच शेवटचा थर डोक्यात तयार असावा लागतो.

रेमो यांनी शिवोलीच्या घरात अशा चार ट्रॅकांच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' हा अल्बम केला. तो १९८४ साली आला. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, सगळे आवाज त्यांचे, सगळी वाद्ये त्यांनीच वाजवलेली. वेष्टनाचे चित्रही त्यांचेच. कॅसेटी तयार झाल्यावर त्या पिवळ्या स्कूटरवर घालून दुकानोदुकानी पोचवण्याचे कामही त्यांनीच केले. ही स्कूटरची गोष्ट आता दंतकथेसारखी सांगितली जाते. आम्हांला तिच्यातला प्रणयरम्य भाग गौण वाटतो. महत्त्वाचे हे की, लेखनापासून विक्रीपर्यंतची सबंध साखळी एका माणसाच्या हाती आली होती. शाहिराच्या हाती ती नेहमीच होती, कारण त्याला फड आणि श्रोते पुरत. ध्वनिमुद्रणाच्या युगाने ती त्याच्याकडून काढून घेतली होती. कॅसेटने ती परत केली.

हे केवळ गोव्यात घडत नव्हते. ऐंशीच्या दशकात कॅसेटने भारतीय संगीताचा व्यापार उलटापालटा केला. तबकडी काढायला कारखाना लागे. कॅसेटची प्रत काढायला दोन यंत्रे पुरत. आखातातून परतणाऱ्या माणसाच्या सामानात टेपरेकॉर्डर हमखास असे, आणि रत्नागिरी-रायगड-गोवा या पट्ट्यात असा माणूस घरोघरी होता. एका मोठ्या कंपनीच्या जवळजवळ एकाधिकाराखाली असलेला बाजार काही वर्षांत शेकडो लहान उत्पादकांत विखुरला. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाचा १९९३ सालचा 'कॅसेट कल्चर' हा ग्रंथ याच स्थित्यंतराचा आहे. आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, शिंदे घराण्याची लोकगीते, कोळीगीते ही याच लाटेवर गावोगावी पोचली. एस.टी. स्टँडवरच्या टपऱ्यांतून ही गाणी दिवसभर वाजत. रेमो यांचा अल्बम इंग्रजीत होता म्हणून तो 'वरच्या वर्गाचा' आणि कोळीगीत मराठीत म्हणून ते 'लोकांचे', अशी विभागणी सहज केली जाते. उत्पादनाच्या अंगाने पाहिले तर दोन्ही एकाच यंत्राची अपत्ये आहेत.

४

'गोअन क्रेझी'पाठोपाठ १९८५ साली 'ओल्ड गोअन गोल्ड' आला. हा जुन्या गोमंतकीय गाण्यांचा अल्बम. घराघरांतल्या बैठकींत, लग्नांत, दर्यावर गायिली जाणारी ही गाणी रेमो यांनी आपल्या वाद्यमेळासह पुन्हा गायिली. क्रम ध्यानात घ्यावा. आधी स्वतःची नवी गाणी, आणि मग परंपरेकडे वळणे. सामान्यतः कलावंत परंपरेचा दाखला दाखवून नव्याची परवानगी मागतो. येथे ती मागितलेली नाही.

१९८५ सालीच श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल' आला. १९६१च्या सुमाराचा, पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दिवसांतला गोवा, आणि लोटलीचे मारिओ मिरांडा यांचे घर. संगीत वनराज भाटिया यांचे. त्यात रेमो गायिले आणि पडद्यावरही दिसले. १९८६ साली 'पॅक दॅट स्मॅक' आला. त्याचे नावच ब्राउन शुगरच्या विरोधात होते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हणजुण-कळंगुटच्या किनाऱ्यावर आलेल्या परदेशी पाहुण्यांमागोमाग आलेले हे विष ऐंशीच्या दशकात स्थानिक मुलांपर्यंत पोचले होते. रॉक संगीत आणि अमली पदार्थ हे समीकरण जगभर रूढ असताना, त्याच संगीताच्या भाषेत त्याच किनाऱ्यावरून या पदार्थांविरुद्ध बोलणे याला धैर्य लागते. १९८७ साली 'बॉम्बे सिटी!' आला, आणि त्याच वर्षी पंकज पराशर यांच्या 'जलवा' चित्रपटातल्या गाण्याने हा आवाज हिंदी श्रोत्यांपर्यंत गेला.

या तारखांच्या शेजारी दुसऱ्या तारखा ठेवून पाहाव्यात. १९८५ ते १९८७ ही गोव्यातल्या भाषावादाची वर्षे. १९६७च्या जनमत कौलाने महाराष्ट्रात विलीनीकरण नाकारले गेले होते, परंतु राजभाषा कोणती हा प्रश्न शिल्लक होता. कोंकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद वर्तमानपत्रांतून रस्त्यावर आला. १९८६च्या डिसेंबरात हिंसा झाली, माणसे मेली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक संमत झाले. देवनागरीतली कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीच्या सरकारी वापराची तरतूद राहिली. ३० मे १९८७ रोजी गोवा भारताचे पंचविसावे राज्य झाला.

आता प्रश्न असा : ज्या वर्षांत गोमंतकीय माणूस 'माझी भाषा कोणती' यावर एकमेकांची डोकी फोडत होता, त्याच वर्षांत एक गोमंतकीय गायक मुख्यतः इंग्रजीत का गात होता? यावर दोन सोपी उत्तरे मिळतात. पहिले, तो पाश्चात्त्याळलेला होता. दुसरे, तो वादाच्या पलीकडे गेलेला विश्वनागरिक होता. आम्हांला दोन्ही अपुरी वाटतात. पहिले उत्तर 'ओल्ड गोअन गोल्ड'कडे डोळेझाक करते. दुसरे तर गाण्यांच्या विषयांकडेच डोळेझाक करते, कारण हे विषय विश्वाचे नाहीत. ते अत्यंत स्थानिक आहेत. किनाऱ्यावरचे ब्राउन शुगर, मुंबई शहर, राजकारणी. पंतप्रधान राजीव गांधी यांना थेट उद्देशून लिहिलेले एक गाणेही त्यांत आहे. इंग्रजी येथे निर्यातीसाठी वापरलेली नाही. भारतातली इंग्रजी जशी बोलली जाते, तशीच ती गाण्यात आली, आणि भारतीय रॉक मंडळींनी ती तोवर गाण्यात येऊ दिली नव्हती. कोंकणी-मराठीच्या भांडणात जी तिसरी भाषा गृहीत धरून दोन्ही पक्ष आपली मुले शाळेत घालत होते, ती रेमो यांनी उघडपणे गाण्यात आणली. त्यांनी बाजू घेतली नाही असे म्हणता येईल. पण भाषेचा प्रश्न दोन भाषांचा नसून किमान चार भाषांचा आहे, हे त्यांच्या अल्बमांच्या रांगेकडे पाहिल्यास कळते : इंग्रजी, कोंकणी, हिंदी आणि पोर्तुगीज.

मराठी वाचकाला हे थोडे टोचेल, आणि टोचावे. आपण गोव्याकडे पाहतो तेव्हा मराठी-कोंकणी या एकाच अक्षावर पाहतो. त्या अक्षावर न बसणारे जे असेल ते आपल्याला 'पर्यटनाचे' वाटते. रेमो यांच्या गाण्यांची किनाऱ्यावरच्या हॉटेलांत झालेली वाजंत्री आपण ऐकली. त्यांतला शाहीर ऐकला नाही.

५

नव्वदच्या दशकात चित्र पालटले. १९९२ साली 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' आला. नावातली थट्टा जुनीच, पण वाद्यमेळ भरीव. एव्हाना मोठ्या कंपन्यांना या गायकाची किंमत कळली होती. १९९५ साली मणिरत्नम यांच्या 'बॉम्बे'ची हिंदी आवृत्ती आली आणि ए. आर. रहमान यांच्या 'हम्मा हम्मा'ने रेमो यांचा आवाज ज्या घरांत कधी गेला नव्हता तिथे नेला. १९९६चा 'खामोशी', १९९८चे 'प्यार तो होना ही था' हे पुढचे टप्पे. १९९८ सालीच 'ओ मेरी मुन्नी' हा त्यांचा हिंदी अल्बम निघाला. दूरचित्रवाणीवरच्या संगीतवाहिन्यांनी 'इंडिपॉप' नावाचा बाजार उभा केला होता. १९९५च्या अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया'ने त्याची कमान उभारली होती.

येथे आम्ही कौतुकाचा सूर थोडा आवरता घेऊ. 'ओ मेरी मुन्नी' रेमो यांच्या सर्वांत गाजलेल्या अल्बमांपैकी एक. पण आमच्या मते तिथे मिश्रण सजावटीकडे झुकते. 'गोअन क्रेझी'त एक लय दुसरीशी भिडते तेव्हा तिच्यामागे एक माणूस, एक घर आणि एक रस्ता असतो. इंडिपॉपच्या काळात लयी दालनातल्या कपड्यांसारख्या मांडलेल्या दिसतात : ही लॅटिन, ही पंजाबी, ही गोव्याची. दोष एकट्या कलावंताचा नव्हे. चार ट्रॅकांची अडचण होती तेव्हा प्रत्येक वाद्याला आपले कारण सांगावे लागे. चोवीस ट्रॅक मिळाले आणि कारणे सांगण्याची गरज संपली. पुढे २००१ साली 'इंडिया बियाँड'सारखा मंत्र, बासरी आणि संथ वाद्यमेळ यांकडे वळलेला अल्बम त्यांनी केला, त्यात ही शिस्त काही प्रमाणात परतलेली जाणवते. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२१ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

तरीही एक गोष्ट इतिहासाच्या अंगाने नोंदवायला हवी. गोमंतकीय वादक पडद्यामागे, श्रेयाविना, इतरांच्या धुनांना हार्मनी देत राहिला, हा तीन पिढ्यांचा अनुभव होता. हिंदी चित्रपटात रेमो गेले ते स्वतःच्या नावासह, आणि गावात राहून उभारलेल्या ओळखीसह गेले. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव लोकांना कळले ते एका विनोदी चित्रपटगीतातल्या पात्राचे म्हणून. त्या नावापासून रेमो यांच्या नावापर्यंतचे अंतर हे केवळ एका व्यक्तीच्या यशाचे अंतर नाही.

६

आता पुन्हा आमच्या रस्त्याच्या या टोकाकडे. 'गोअन क्रेझी'चे वर्ष १९८४. त्याच वर्षी १६ आणि १७ जानेवारीला पनवेल-उरण पट्ट्यात नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण त्या लढ्यातून आले. हा इतिहास आम्हांला भाषणांतून, स्मारकांतून आणि दरवर्षीच्या अभिवादनातून भेटतो. तो गाण्यांतून किती भेटतो?

आमच्या आगरी-कोळी वस्त्यांत गाण्याची वाण कधीच नव्हती. लग्नात धवलारीण धवले गाते. हळदीला बेंजो पार्टी येते, आणि तिच्यात कीबोर्ड, ढोलकी, ताशा, चित्रपटाची धून, कोळीगीताचा ठेका हे सारे एका रात्रीत एकत्र नांदते. मिश्रणाचे धडे घ्यायला आम्हांला शिवोलीला जाण्याची गरज नाही. गरज आहे ती दुसऱ्या गोष्टीची. रेमो यांनी आपल्या किनाऱ्याचे दहा वर्षांचे बदल, भीती आणि थट्टा आपल्या नावाने, तारखेसह अल्बमांत बांधून ठेवले; म्हणून आज ऐंशीच्या दशकातल्या गोव्याविषयी लिहिणाऱ्याला तो कागद उपलब्ध आहे. आमच्या पट्ट्यात शेते जाऊन सेक्टर आले, मिठागरे जाऊन कंटेनरचे तळ आले. त्या काळात गावच्या गायकांनी काय गायिले, कोणत्या कॅसेटी काढल्या, कोणी लिहिल्या, हे वेष्टनांवर छापलेले आहे, आणि ती वेष्टने माळ्यांवर, जुन्या ट्रंकांत, बंद पडलेल्या दुकानांच्या कपाटांत आहेत.

चुंबकीय फीत अमर नसते. दमट हवेत तिला बुरशी येते, चुंबकी थर सुटू लागतो, गुंडाळलेल्या फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपला पुसट ठसा उमटवतो आणि गाण्याच्या आधीच गाण्याची सावली ऐकू येते. कोकणातल्या चाळीस पावसाळ्यांनंतर जे उरले असेल ते आणखी चाळीस टिकणार नाही. ग्रंथालये पुस्तके सांभाळतात. कॅसेटी सांभाळणे हे आपण अजून ग्रंथालयाचे काम मानलेले नाही.

रेमो यांचे अल्बम टिकले, याचे एक कारण त्यांची गुणवत्ता. दुसरे कारण असे की ते इंग्रजीत होते आणि त्यांची नोंद ठेवणारा वर्ग साक्षर व साधनसंपन्न होता. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही ते शाहीर कमी गुणाचे होते, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार आपल्याला त्यांच्या कॅसेटी ऐकल्यानंतरच मिळेल. वाचकांपैकी कोणाच्या घरी अशा कॅसेटी असतील, तर त्या टाकून देण्यापूर्वी वेष्टनावरची नावे आणि वर्ष तरी उतरवून ठेवावे, आणि फीत अजून चालत असेल तर तिची एक प्रत काढून घ्यावी.